बादलीत उतरलेली ओल

बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची एक खोली घ्या. बाहेर आषाढ, तोही रत्नागिरीचा. हवा २८ अंश, आर्द्रता ९० टक्के. या खोलीतल्या झाडून सगळ्या हवेतली वाफ गोळा केली, तर पाणी किती भरेल? एक लिटर. फक्त एक लिटर! आणि याच मापाच्या आमच्या पुस्तकांच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, रात्री हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर सुरू केला आणि सकाळी पाहते तर टाकी काठोकाठ भरलेली, लाल दिवा लागलेला, यंत्र आपणहून थांबलेलं. चार लिटर! मी ती टाकी दोन्ही हातांनी सावरत मोरीपर्यंत नेली आणि वाटभर ओरडत गेले, "अहो, हे बघा! हे बघा किती निघालं!"

हवेत एक लिटर आणि टाकीत चार. बरं, हवा काही पार कोरडी झाली नव्हती. आर्द्रता दाखवणाऱ्या काट्यावर ५८ टक्के दिसत होते. हिशेब केला तर खोलीतल्या हवेतून गेलेलं पाणी साडेतीनशे मिलिलिटरच्या वर जात नाही. थोडं दाराखालच्या फटीतून येत राहिलेल्या हवेतलं असेल. पण बाकीचं? बाकीचं पुस्तकांतलं! गादीतलं, भिंतीच्या गिलाव्यातलं, सतरंजीतलं, लाकडी फळ्यांतलं! इतकी वर्षं आपण म्हणतो, हवा दमट आहे. हवा दमट आहेच, पण खरा साठा वस्तूंत आहे. कापूस ६५ टक्के आर्द्रतेत आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के पाणी धरून असतो, नव्वदीच्या घरात गेलं की तेच दीडपटीहून वर चढतं. कागदाचंही तसंच. शंभर किलो पुस्तकं असलेलं कपाट पावसाळ्यात कोरड्या दिवसांपेक्षा चार-पाच लिटर पाणी जास्त घेऊन उभं असतं! हाताला ओलं लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि कपाटात अर्धी बादली पाणी! हे कळलं त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे, यात किती असेल, याच नजरेने बघते आहे.

कोकणात ज्याने पावसाळा काढला त्याला वेगळं सांगायला नको. आगोटीची धांदल संपते, मृग बरसतो, जीव सुखावतो, आणि पंधरा-वीस दिवसांत कपाट उघडलं की तो वास येतो. कुबट, जड, नाकात बसणारा. चामड्याच्या चपलेवर हिरवट-पांढरी लव. खण फुगून अडकलेले. काडेपेटीची काडी ओढावी तर गुलच गळून पडतो. पापड सादळतात, पोहे सादळतात, वर्तमानपत्र लिबलिबीत होऊन हातात लोंबतं. बाहेर झड लागलेली आणि आत उंबऱ्याजवळची लादी घामेजलेली, पुसली की पुन्हा ओली. आणि पुस्तकं! पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी येते ती बांधणीच्या खळीवर. खळ म्हणजे पीठच, बुरशीला आयतं जेवण. दर श्रावणात ऊन पडलं की पुस्तकं अंगणात मांडायची, फडक्याने पुसायची, आणि सर आली की उचलून आत पळायचं. माझ्या सासूबाईंनी हे केलं, मी केलं. आता घरात हे यंत्र आलं आहे आणि ऐन आषाढात पानं कुरकुरीत आहेत. उलटताना आवाज येतो हो पानांचा!

आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. चिरा दिसतो देखणा, पण सच्छिद्र, पाणी पिणारा. जुन्या लोकांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून वळचणी लांब, पावसाच्या बाजूला झडपं, आणि घरात दिवसभर चूल. लाकडाच्या धुरातही वाफ असते, पण ती कौलांच्या फटींतून निघून जायची आणि ऊब मात्र भिंतींत मुरायची. ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळायचे. आता स्लॅब आहे, सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत, आणि गॅस आहे. गॅस जळताना काय होतं ते वाचून तर मी थक्क झाले. त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी होतो. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत बावीसएक लिटर पाणी वाफ होऊन घरात सुटलेलं असतं! सिलिंडरच्या स्वतःच्या गॅसहून जास्त वजनाचं पाणी! त्यात धुलाईयंत्रातून पिळून निघालेले कपडे घरात वाळत घातले की आणखी दोन-अडीच लिटर. ते कपडे वाळतात म्हणजे काय होतं? पाणी नाहीसं होत नाही, कपड्यांतून निघून गादीत जातं.

आणि हे यंत्र आत करतं काय, ते तर इतकं सुंदर आहे! थंडगार ताकाचा तांब्या पावसाळ्यात पाटावर ठेवला की बाहेरून कसा घामेजतो, तसंच हे. आत गार नळ्या आहेत. पंखा खोलीतली हवा ओढतो, जाळीतून गाळतो, त्या नळ्यांवरून नेतो. हवा दवबिंदूच्या खाली गार झाली की वाफेचं पाणी होतं आणि टपटप टाकीत पडतं. इथवर एसीसारखंच. पण एसी नळ्यांतली उष्णता घराबाहेर फेकतो. हे यंत्र तीच कोरडी, गार झालेली हवा लगेच मागच्या गरम नळ्यांवरून नेऊन खोलीत परत सोडतं. म्हणजे हवा कोरडी आणि वर कोमट! एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता आसपासच्या वस्तूंतून शोषून घेतं, साधारण ०.६८ युनिट विजेएवढी, तेवढी सगळी वाफेचं पाणी होताना परत मिळते. खोली अंशा-दोन अंशांनी उबदार होते, आणि हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी उतरते. कोरडी, कोमट हवा गादीतून पुन्हा पाणी ओढते, ते पुन्हा नळ्यांवर येतं. रात्रभर हेच चाललेलं. मी पहिल्या रात्री स्टूल टाकून यंत्रासमोर बसून राहिले होते, टाकीच्या खिडकीतून पातळी चढताना बघत.

आता एक गंमत सांगते. यंत्राच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, दिवसाला अमुक लिटर. ते माप बहुतेकदा घेतलेलं असतं ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला. युरोपात हिवाळ्यात ही यंत्रं वापरणाऱ्यांना तेवढं पाणी कधीच मिळत नाही. तिथल्या घरात पंधरा-अठरा अंश असतात, नळ्यांवर बर्फ धरतो, यंत्राला मधूनमधून थांबून तो वितळवावा लागतो. म्हणून थंड देशांत झिओलाइटसारख्या ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचं चाक फिरवणारी दुसऱ्या जातीची यंत्रं घेतात. पण ३० अंश आणि ८० टक्के म्हणजे कोण? ही तर आपली रत्नागिरी! मालवण, अलिबाग, पणजी, मुंबई! खोक्यावरचं माप जणू आपल्या पावसाळ्यावर बेतलेलं. गार नळ्यांचं साधं यंत्र जिथे सगळ्यात उत्तम चालतं, तीच ही हवा. आणि कोकणात किती घरांत हे यंत्र आहे? आमच्या आळीत तरी हे पहिलं!

माझा भाचा इंग्लंडात असतो. त्याच्या खिडक्यांच्या काचांवर हिवाळ्यात सकाळी पाणी ओघळतं, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. तो म्हणाला, "मावशी, खिडक्या उघडत जा, घर मोकळं होतं." त्याचं त्याच्या गावी बरोबर आहे. बाहेर पाच अंश असतील तर ती हवा पूर्ण भिजलेली असली तरी घनमीटरमागे तिच्यात जेमतेम सात ग्रॅम पाणी मावतं. ती घरात येऊन वीस अंशांपर्यंत तापली की आर्द्रता चाळिशीवर येते. खिडकी उघडली की घर सुकतं. पण आपल्याकडे आषाढात बाहेरच्या घनमीटरमध्ये बावीस-चोवीस ग्रॅम! इथे खिडकी उघडली की घर भिजतं. गारव्यासाठी, वाऱ्यासाठी जरूर उघडावी, मन प्रसन्न होतं, पण घर सुकवायचं असेल तर यंत्र चालू असेपर्यंत खिडकी घट्ट बंद. ज्या दिवशी हे नीट समजलं, त्या दिवशी मला आपला सगळा पावसाळाच नव्याने दिसला.

आणि मीठ! मिठाचं तर सांगायलाच हवं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे घरोघरी माहीत, म्हणून आपण बरणीत तांदळाचे दाणे टाकतो. पण मिठाला पाणी सुटायला लागतं ते नेमकं ७५ टक्के आर्द्रतेच्या वर. आणि भिंतीवर, कपड्यांवर बुरशी धरते कधी? पृष्ठभागाजवळची आर्द्रता सत्तर-ऐंशीच्या वर दिवसेंदिवस राहिली की! म्हणजे ओट्यावरची मिठाची बरणी इतकी वर्षं आपल्याला बुरशीचा इशारा देत होती. इतकंच नाही, आर्द्रता दाखवणारा जो छोटा काटा मिळतो तोही मिठानेच तपासता येतो. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर लगदा करायचा, आणि काट्यासोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवायचा. काट्यावर ७५ यायला हवेत. माझ्या काट्यावर ७७ आले. मग काय, दोन वजा करून वाचते. स्वयंपाकघरातल्या मिठाने तपासलेलं मोजमापाचं साधन! मला तर हे यंत्राहूनही आवडलं.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, हवेत, धुळीत, कपड्यांवर. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, ही मंडळी घराबाहेर काढता येतच नाहीत. भिंतीला रंग काढला, तरी रंगाच्या मागून ती पुन्हा उगवतात. डांबराच्या गोळ्यांनी वास बदलतो, ओल तशीच. पण पाणी काढून घेतलं की बीजाणू नुसते पडून राहतात, रुजतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, त्यातला भर यावरच आहे: ओल रोखा. दमेकऱ्यांच्या घरात तर हे फारच महत्त्वाचं. आधीच धरलेली बुरशी मात्र यंत्राने जात नाही. ती साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने, तोंडाला मास्क लावून पुसायची. कोरड्या फडक्याने झटकली की बीजाणू घरभर उडतात.

"मग एसीचा ड्राय मोड काय वाईट?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. वाईट नाही. पण पावसाळ्यात बाहेरच हवा २६ अंशांवर असते. एसी काही मिनिटांत ठरलेल्या तापमानाला पोचतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र फिरत राहिला तर नळ्यांवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत. शिवाय गार झालेल्या खोलीची भिंत पलीकडच्या खोलीत घामेजते. एसीच्या खोलीला पाठ लावून ठेवलेल्या कपाटाच्या मागे बुरशी का धरते, याचं उत्तर मला यातच सापडलं! तिथलं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, वारा खेळला, आणि फरक दिसला.

गंमत अशी की एसीचा जन्मच मुळी गारव्यासाठी झाला नव्हता. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा, एका रंगावर दुसरा रंग बरोबर बसायचा नाही. विलिस कॅरिअर हा पंचवीस वर्षांचा इंजिनीअर. त्याने गार पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेऊन आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवायची योजना आखली. कागदासाठी! माणसांना गार वाटलं ते ओघाने. आणि मी माझ्या पुस्तकांच्या खोलीत यंत्रावर लावलेला आकडा कुठला? ५५! हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या छापखान्यातल्या कागदाला जे हवं होतं, तेच माझ्या कपाटातल्या पुस्तकांना हवं आहे.

आता तंबोरा. माझा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे वाटले होते. पण मिरजेचा पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि रत्नागिरीचा तीन हजारांच्या वर. त्या कोरड्या हवेत घडलेलं वाद्य आमच्याकडे येतं आणि पावसाळाभर सोसत राहतं. खुंट्या फुगून अशा आवळतात की फिरवताना भीती वाटते. भोपळ्याला कुबट वास. जवारी लागता लागत नाही, सूर दबलेला, जणू गवसणी न काढताच तारा छेडल्या. तंबोऱ्याच्या खोलीत यंत्र लावताना मी घाई केली नाही. लाकूड एकदम सुकवलं तर तडकतं, जोड सुटतात. तंबोरा यंत्राच्या झोतापासून लांब, समोरच्या कोपऱ्यात ठेवला, आकडा आधी ७० वर, मग ६५, मग ६०, असा सावकाश उतरवला. त्यानंतर एका सकाळी खुंटी फिरवली आणि ती फिरली! सहज! षड्ज लावला आणि जवारी बोलली. आषाढात! बाहेर संततधार आणि माझा तंबोरा माघातल्यासारखा झंकारतोय. मी तास-दीड तास नुसता सा लावून बसले होते, स्वयंपाक ह्यांनी केला.

विजेचं बिल? खरंच आहे, विचारायलाच हवं. दिवसाला वीस लिटरच्या मापाचं यंत्र साधारण तीनशे-चारशे वॉट घेतं, म्हणजे आठ तासांना अडीच-तीन युनिट. पण पहिले काही दिवसच ते अखंड चालतं. वस्तूंतला साठा उतरला की आकड्याला पोचून आपोआप थांबतं, मधूनच जागं होतं. एका खोलीपुरतं ठेवायचं, दार लावायचं, आणि मौल्यवान ते सगळं त्या खोलीत आणायचं. पुस्तकं, पैठण्या, फोटोंचे अल्बम, कागदपत्रं. अख्ख्या घराची ओल काढायला जाऊ नये. भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, जाळी पंधरवड्याने धुवायची, टाकीला नळी जोडून मोरीत सोडली तर ओतायचीही कटकट नाही. मी नळी जोडलेली नाही. मला ओतायला आवडतं! ते पाणी पिण्याचं मात्र नव्हे. नळ्यांवरची धूळ, हवेतले जंतू, सगळं त्यात उतरतं. मी लादी पुसायला घेते, तुळशीच्या शेजारच्या जास्वंदीला घालते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. भिंतीतून गळती असेल, गच्चीला भेग असेल, तर यंत्राने ती मिटत नाही. यंत्र पाणी काढत बसेल आणि भिंत पीत राहील. आधी ओल कुठली ते ओळखा. त्याची तपासणी सोपी आहे. भिंत वरवर पुसून प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्का बसवा, दोन दिवस राहू द्या. दव प्लास्टिकच्या वरच्या बाजूला दिसलं तर ते हवेतलं, आणि मागच्या, भिंतीकडच्या बाजूला दिसलं तर भिंतीतून येतंय. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर मागे निघालं, तिथे गवंड्याला बोलवायचं आहे. पुस्तकांच्या खोलीत वरच्या बाजूला निघालं आणि मी टाळी वाजवली.

परवा शेजारच्या काकू आल्या. खोलीत पाऊल टाकलं आणि थबकल्या. "काय गो, इथे वास कसा नाही?" त्या ज्या खुर्चीवर बसल्या त्या खुर्चीची गादी हाताने चाचपून पाहिली, पुस्तक काढून नाकाला लावलं. मग मला सगळं सांगायलाच लागलं, मीठ, कॅरिअर, सिलिंडरातलं पाणी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गोधड्या सुकतील?" गणपतीला त्यांच्याकडे मुंबईहून अठरा माणसं येतात आणि वर्षभर पेटाऱ्यात असलेल्या गोधड्या ऐन वेळी कुबट निघतात. काल आम्ही दोघींनी यंत्र उभंच्या उभं उचलून त्यांच्या माजघरात नेलं. आडवं करू नये, आडवं झालं तर काही तास उभं ठेवूनच सुरू करावं. दोरी बांधून गोधड्या पसरल्या, दाराच्या फटीला जुनं लुगडं लावलं. सुरू केलं तेव्हा काट्यावर ८९ होते, आज दुपारी ७१. साठच्या खाली गेले की गोधड्यांची बाजू उलटायची, मग पाट, मग मखराचे पुठ्ठे, आणि त्यानंतर काकूंच्या आईची ती जुनी जरीची पैठणी, जी त्या पावसाळ्यात कधी बाहेरच काढत नाहीत.